सरईचे बी आणि नकाशावरील रेघ

नोव्हेंबर २०२४ मध्ये देशातील ५६ वा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. छत्तीसगढच्या उत्तर टोकावरील गुरू घासीदास राष्ट्रीय उद्यान आणि तमोर पिंगला अभयारण्य मिळून हा प्रकल्प झाला असून त्याचे क्षेत्र सुमारे २,८२९ चौरस किलोमीटर आहे. क्षेत्रफळाने तो देशात तिसरा ठरतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही बातमी वाचताना शेजारी नकाशाही ठेवावा. या प्रकल्पाच्या पश्चिमेला मध्य प्रदेशातील संजय-दुबरी आणि त्यापलीकडे बांधवगड आहे. पूर्वेला झारखंडातील पलामू आहे. तीन राज्यांतील वनांची ही माळ आहे आणि नव्या प्रकल्पाने तिच्यातील निसटलेला मणी पुन्हा ओवला आहे.

हा मणी निसटला कसा, याचाही इतिहास आहे. आजचे गुरू घासीदास उद्यान पूर्वी संजय राष्ट्रीय उद्यानाचाच भाग होते. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळे झाले, रायपूर नव्या राज्याची राजधानी बनले आणि एका सलग वनाचे दोन राज्यांत, दोन नावांनी, दोन वनखात्यांखाली विभाजन झाले. वाघाला, सालाच्या बीला किंवा मोसमी ढगाला ही रेघ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. याच परिसरातील कोरिया संस्थानात १९४७ साली तीन चित्ते मारले गेले. भारतातील चित्त्याची ती अखेरची विश्वसनीय नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. वने उभी असतानाही त्यांतील प्राणी संपू शकतो, हा धडा या भूमीने असा फार लवकर दिला होता.

हवामानबदलाच्या काळात वनसंरक्षणाचा प्रश्न बहुधा पुढच्या पन्नास वर्षांचा म्हणून मांडला जातो. छत्तीसगढपुरते बोलायचे तर त्याची मुळे मागच्या दीडशे वर्षांत आहेत. या काळात वनांभोवती स्थिर रेघा आखल्या गेल्या. आता त्या रेघांच्या आतील ओलावा, ऋतू आणि जीवच जागा बदलू लागले आहेत.

रेघ कशी आखली गेली

अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपूरला हलवले, पुढे नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६४ साली, डीट्रिश ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी शासनाला वने राखीव ठरवण्याचा अधिकार दिला आणि १९२७ च्या कायद्याने ती चौकट पक्की केली.

या घाईमागे रेल्वे होती. रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकूड हवे होते, आणि साग व साल या दोन वृक्षांनी ती गरज भागवली. सालाला छत्तीसगढीत सरई म्हणतात. रायपूर ते धमतरी हा अरुंद रूळमार्ग १९०० साली सुरू झाला तेव्हा दक्षिणेकडील सालवनांचे लाकूड आणि बाजारपेठ यांतील अंतर एकाएकी कमी झाले.

ब्रांडिस आणि त्यांच्या अनुयायांचे वनशास्त्र त्या काळाच्या मानाने शिस्तबद्ध होते. वनाचे तुकडे पाडावेत, प्रत्येकातील झाडे मोजावीत, ती किती वर्षांत वाढतात याचा अंदाज बांधावा आणि तेवढ्याच वेगाने तोड करावी, असा त्याचा गाभा होता. यातूनच आजही वापरात असलेली कार्य आयोजना जन्माला आली. या गणितात झाडे बदलत होती, तोडीचे वर्ष बदलत होते, बाजारभावही बदलत होता. हवामान मात्र कायम धरले होते. शंभर वर्षांनी जे झाड तोडायचे त्याला शंभर वर्षे असाच पाऊस आणि असाच उन्हाळा मिळेल, हे गृहीतक कोणी लिहून ठेवले नाही, कारण त्यावर शंका घेण्याचे कारण कोणाला दिसले नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उद्याने आणि अभयारण्ये दिली. उद्देश पूर्णपणे बदलला, पण रेघेचे स्वरूप तेच राहिले. एकदा आखली की ती कायमची.

रेघेच्या आतील माणसे

राखीव वनाची रेघ कोऱ्या कागदावर पडली नव्हती. तिच्या आत गावे होती, गुरे होती, मोह आणि तेंदू होते. १९०५ च्या सुमारास बस्तर संस्थानातील दोन तृतीयांश वने राखीव करण्याचा प्रस्ताव पुढे आला. १९१० साली तेथे जो उठाव झाला, त्याच्या कारणांत वनांवरील बंधने हे एक प्रमुख कारण होते. भूमकाल या नावाने तो ओळखला जातो आणि नेतानारचा गुंडाधूर हे त्याचे लोकस्मृतीतील नाव आहे.

त्यानंतर बारा वर्षांनी, जानेवारी १९२२ मध्ये, महानदीच्या उगमाजवळच्या सिहावा-नगरी भागात लोकांनी वनकायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. १९३० साली धमतरीजवळच्या रुद्री-नवागाव येथे राखीव वनातील गवत कापून कायदेभंग झाला. तेव्हा हा सगळा मुलूख रायपूर जिल्ह्यातच होता. या आंदोलनांच्या पुढाऱ्यांत छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही मराठी नावेही आढळतात. त्याच वर्षी वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला आणि कोकणात उरणजवळच्या चिरनेरला त्याच प्रश्नावर गोळीबार झाला. मूठभर गवतावरून इतका संघर्ष का व्हावा, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण दुष्काळाच्या वर्षी गुरे जगतात ती राखीव वनातल्या गवतावर आणि माणसे जगतात ती मोहाच्या फुलांवर. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन भीषण दुष्काळांची आठवण तेव्हा ताजी होती. लहरी हवामानाशी जुळवून घेण्याचे गावाचे सर्वांत जुने साधन वन हेच होते, आणि नेमके तेच कुंपणाआड गेले होते.

पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अनुकूलन हा शब्द नवा असला तरी त्यामागील व्यवहार नवा नाही.

ओलाव्याची सीमा

वनस्पतींची स्वतःची सीमा कशी असते, याचे एक सुरेख निरीक्षण कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या अधिकाऱ्याच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात आहे. मध्य भारताच्या पश्चिमेकडे साग आणि पूर्वेकडे साल, अशी स्थूल विभागणी त्याने नोंदवली. सालाच्या मुलखात बारशिंगा आणि लाल रानकोंबडा आढळतात, सागाच्या मुलखात ते आढळत नाहीत, हेही त्याने टिपले. मग पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात, मुख्य सालपट्ट्यापासून फार दूर, सालाचा एक एकाकी तुकडा त्याला दिसला; आणि त्या तुकड्यात बारशिंगा आणि लाल रानकोंबडाही होता. झाड आपल्या सोबत्यांसह तेथे तग धरून राहिले होते.

वनांच्या भाषेत अशा जागेला आश्रयस्थान म्हणता येईल. भोवतालचा प्रदेश कोरडा झाला तरी एखादी खोल दरी, वाळूखडकातून झिरपणारा झरा किंवा उत्तरेकडे तोंड केलेला उतार ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्या आधाराने एक अख्खा जीवसमूह टिकतो. बस्तरमधील कांगेर खोरे ही अशीच अभ्यासण्याजोगी जागा आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या खोऱ्यात साल आणि साग यांची वने एकमेकांना भेटतात. सालाच्या दक्षिणेकडील विस्ताराची मर्यादा याच भागात येते. दोन वनप्रकार जिथे भेटतात तिथे हवामानातील फरक सर्वांत आधी जाणवण्याची शक्यता असते.

सालाची ही नाजूक बाजू त्याच्या बीमध्ये आहे. बहुतेक झाडांची बीजे वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येतात. सालाचे बी तसे ठेवता येत नाही. ते जूनच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर पिकून गळते आणि त्याची रुजण्याची शक्ती जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकते. त्या अवधीत जमीन भिजली तर ते रुजते. पाऊस लांबला तर सगळी पेरणी वाया जाते. बीला पाच पंख असतात, पण ते वजनदार असल्याने आईझाडापासून फार लांब जात नाही. रुजलेले रोपही पुढील अनेक वर्षे उन्हाळ्यात वाळते, वणव्यात जळते आणि मुळाच्या जोरावर पुन्हा फुटते. मूळ पुरेसे बळकट झाल्यावरच ते उंच वाढू लागते. त्यात सालाला मातीही हवी तशी लागते. निचऱ्याच्या, ओलावा धरणाऱ्या रेताड मातीत तो रमतो, तर दख्खनच्या काळ्या कातळावर साग अधिक सुखाने वाढतो. म्हणजे हवामान सरकले तरी साल त्याच्या मागे सहज चालू लागेल असे नाही. त्याला वेळ हवा, वाट हवी आणि योग्य जमीन हवी.

पावसाची बाजू आता पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पावसाचा कल मात्र घटीचा होता. पाऊस कमी दिवसांत, अधिक जोराने पडू लागला. पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यांकनाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. दहा दिवसांच्या मुदतीवर जगणाऱ्या बीसाठी वर्षाच्या सरासरीपेक्षा जूनमधील त्या दहा दिवसांचा पाऊस महत्त्वाचा असतो. हवामानबदल सरासरीत मोजला जातो. सजीव तो तारखांत भोगतात.

भुंगेऱ्याचा इशारा

सालवनांनी असा ताण पूर्वी दाखवलेला आहे. सालाला पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगेरा आहे. हॉप्लोसेराम्बिक्स स्पिनिकॉर्निस हे त्याचे शास्त्रीय नाव. वनखात्यात त्याला साल बोरर म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर प्रौढ भुंगेरे खोडांतून बाहेर पडतात आणि मादी दुबळ्या किंवा नुकत्याच पडलेल्या झाडांच्या सालपटात अंडी घालते. अळ्या आत शिरून लाकूड पोखरतात. निरोगी झाड भरपूर राळ स्रवते आणि अळ्या तिच्यात बुडून मरतात. त्यामुळे सामान्य वर्षी हा कीटक दुबळी व मेलेली झाडे संपवणारा साधा वनसेवक असतो. झाडे मोठ्या संख्येने दुबळी झाली आणि भुंगेऱ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, की निरोगी झाडांची राळही अपुरी पडते. मग साथ पसरते.

१९२३ ते १९२८ या काळात मध्य प्रांतातील मंडला-बालाघाट भागात अशी साथ आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच पट्ट्यात ती पुन्हा आली आणि लाखो सालवृक्ष बाधित झाले. उपाय मोठा चतुर होता. ताज्या कापलेल्या सालाच्या रसाचा वास भुंगेऱ्यांना दुरून ओढून आणतो. म्हणून वनात ठिकठिकाणी झाडे पाडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवत. रसावर जमून सुस्तावलेले भुंगेरे गावकरी हातांनी वेचत आणि भुंगेऱ्यामागे त्यांना मोबदला मिळे. विषारी फवारणीशिवाय चालणारी ही पद्धत स्थानिक माणसांच्या श्रमांवर आणि नजरेवर उभी होती.

प्रत्येक साथ हवामानबदलानेच आली, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. १९२० च्या दशकात वातावरण आजच्याइतके तापले नव्हते. पण या साथींनी एक यंत्रणा उघड करून दाखवली. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, ताणाखाली असलेल्या झाडांचे वन अचानक कोसळू शकते. वाढते तापमान आणि बेभरवशाचा पाऊस हा ताण वारंवार निर्माण करतात.

गणिताने काय सांगितले

पुढे काय होईल याचे अंदाज भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे वीस वर्षांपासून मांडले आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशाचे वनक्षेत्र चौकोनांत विभागले होते. २०८५ पर्यंत, उत्सर्जनाच्या दोन वेगवेगळ्या शक्यतांनुसार, ७७ किंवा ६८ टक्के वनचौकोनांतील वनप्रकार बदलण्याजोगी परिस्थिती निर्माण होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. २०११ साली त्याच नियतकालिकात आलेल्या, अधिक प्रगत प्रारूप वापरणाऱ्या अभ्यासाने हे प्रमाण सुमारे ४५ टक्के सांगितले आणि असुरक्षित क्षेत्रांत हिमालयाचे वरचे पट्टे, उत्तर पश्चिम घाट, पूर्व घाट यांच्या जोडीने मध्य भारताचे काही भाग नमूद केले. २०१२ साली व्ही. एस. चितळे आणि एम. डी. बेहेरा यांनी केवळ सालाचा विचार करून, त्याला अनुकूल प्रदेश ओलाव्याच्या दिशेने, म्हणजे ईशान्येकडे, सरकू शकतो असे मांडले.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. प्रत्येक प्रारूप वेगळी गृहीतके घेऊन चालते, आणि वनप्रकार बदलण्याजोगे हवामान येणे म्हणजे दुसऱ्या दिवशी वन बदलणे नव्हे. मोठा सालवृक्ष शंभर वर्षांहून अधिक जगतो. तो प्रतिकूल हवामानातही दशकानुदशके उभा राहील. त्याच्याखाली नवी रोपे उभी राहतात की नाही, हा खरा प्रश्न आहे. वरून हिरवे दिसणारे वन आतून वंध्य झालेले असू शकते, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात हा फरक सहज दिसत नाही.

एकटी आशा

प्राण्यांच्या बाबतीत छत्तीसगढचा सर्वांत बोलका इतिहास रानम्हशीचा आहे. रानम्हैस हा या राज्याचा राज्यप्राणी. एकेकाळी मध्य भारताच्या ओलसर गवताळ भागांत तिचे कळप होते. शिकार, गवताळ जमिनींवर झालेली शेती, पाळीव गुरांकडून आलेले बुळकांडीसारखे रोग आणि पाळीव म्हशींशी होणारा संकर यांनी तिची संख्या घटत गेली. रायपूरच्या दक्षिणेकडील उदंती अभयारण्यात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकच मादी उरली. तिचे नाव आशा ठेवण्यात आले.

पुढे जे झाले ते विज्ञानाच्या इतिहासात नोंद व्हावे असे आहे. आशाच्या पेशींपासून हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत क्लोनिंगचा प्रयोग झाला आणि १२ डिसेंबर २०१४ रोजी दीपाशा जन्मली. तिला पुढे नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणण्यात आले. मात्र ती खरोखर रानम्हैसच आहे का, याविषयी नंतर शंका उपस्थित झाल्या. २०२० साली आसामच्या मानस येथून एक जोडी रायपूरच्या पूर्वेकडील बारनवापारा अभयारण्यात आणली गेली आणि २०२३ मध्ये आणखी चार माद्या आल्या. या स्थलांतरावर न्यायालयात आक्षेप घेतले गेले. हिमालयाच्या पायथ्याच्या दमट गवताळ प्रदेशातील प्राणी मध्य भारताच्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात कसा राहील, हा त्यांतील एक होता.

हा आक्षेप हवामानाच्या दृष्टीने मर्मावर बोट ठेवणारा आहे. म्हशीच्या काळ्या त्वचेत घामाच्या ग्रंथी विरळ असतात. शरीर थंड ठेवण्यासाठी तिला पाण्यात किंवा चिखलात लोळावे लागते. उन्हाळ्यात डोह आटला की तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात: दुसऱ्या पाण्याकडे जाणे किंवा मरणे. उदंतीभोवतीची वने तुटक झाली तेव्हा पहिला मार्ग हळूहळू बंद झाला. बस्तरच्या इंद्रावती खोऱ्यात मात्र तो अजून पूर्ण बंद झालेला नाही. इंद्रावतीच्या एका तीरावर छत्तीसगढ आहे, दुसऱ्या तीरावर महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. तेथील कोलामार्का परिसरात रानम्हशींचा वावर आहे आणि २०१३ साली महाराष्ट्राने तो भाग त्यांच्यासाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित केला. दोन राज्यांची हद्द असलेली नदी या कळपांसाठी पाणवठा आहे.

आशाच्या कथेतून एक कठोर हिशेब हाती येतो. कळप शंभराचा असताना वाटा मोकळ्या ठेवणे स्वस्त असते. कळप एकावर आला की प्रयोगशाळा, विमाने, पिंजरे आणि न्यायालये यांवर कितीही खर्च केला तरी गेलेली विविधता परत येत नाही.

परतलेले हत्ती

रानम्हैस अडकून पडली; हत्ती चालू लागले. ‘आइन-ए-अकबरी’त जंगली हत्तींच्या प्रदेशांत रतनपूर, सरगुजा आणि बस्तर यांचा उल्लेख आहे. विसाव्या शतकात हा प्रदेश जवळजवळ हत्तीविहीन झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झारखंड आणि ओडिशाच्या बाजूने कळप पुन्हा येऊ लागले. त्यामागे तेथील वनांची मोडतोड, खाणी, चारा-पाण्याची टंचाई अशी अनेक कारणे सांगितली जातात. तीन-चार पिढ्यांत गावे हत्तींसोबत राहण्याची रीत विसरली होती. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील एक टक्क्याहून कमी हत्ती छत्तीसगढात आहेत, पण हत्तींमुळे होणाऱ्या मनुष्यमृत्यूंपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक याच राज्यात होतात.

हवामानबदलाच्या काळात प्राणी सरकतील, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सरकलेले प्राणी कोठे पोहोचतात आणि तेथे काय घडते, हे छत्तीसगढच्या गावांना आधीच ठाऊक झाले आहे. २०२१ साली लेमरू हत्ती राखीव क्षेत्र अधिसूचित झाले. त्याच्या परिसरातील हसदेव अरण्याखाली कोळसा आहे. ज्या इंधनाच्या ज्वलनाने ऋतू बिघडत आहेत तेच इंधन ऋतू सावरणाऱ्या वनाखाली सापडावे, हा या प्रश्नातील सर्वांत अवघड पेच आहे.

पुढची वाट

२०१७ ते २०३१ या काळासाठीच्या तिसऱ्या राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखड्याने हवामानबदलाचा वन्यजीवनावरील परिणाम प्रथमच ठळकपणे विचारात घेतला. १९८३ आणि २००२ च्या आराखड्यांत त्याला असे स्थान नव्हते. म्हणजे स्थिर हवामानाचे जुने गृहीतक शासकीय कागदावर बदलण्यास दीडशे वर्षे लागली. कागदावरून वनात ते उतरवायचे असेल तर वरील इतिहासातून चार दिशा स्पष्ट होतात.

पहिली दिशा जोडणीची. स्वतंत्र बेटांसारखी उद्याने हवामान सरकल्यावर सापळे ठरतात. २०२४ चा प्रकल्प मोलाचा आहे तो यासाठी. पण जोडणी केवळ उद्यानांतून जात नाही. ती शेतांतून, खाणींच्या कडेने आणि गावांच्या गायरानातून जाते. तेथे नुकसानभरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळाली नाही, तर नकाशावरील हिरवा पट्टा कागदावरच राहील.

दुसरी दिशा ओलावा धरणाऱ्या जागांची. देनवासारख्या दऱ्या, नाले, झऱ्यांची मुखे आणि खोल डोह यांचे क्षेत्र लहान असते, पण कोरड्या वर्षांत सारे वन त्यांच्याकडे झुकते. अशा जागांना प्रथम संरक्षण देणे कमी खर्चाचे आणि सर्वाधिक लाभाचे आहे.

तिसरी दिशा मिश्र आणि आपोआप उगवणाऱ्या वनाची. रायपूरला याचा एक जवळचा दाखला आहे. १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी येथे राहून छत्तीसगढच्या शेतांतून भाताचे हजारो वाण गोळा केले. त्यांची संख्या १९ हजारांवर गेली होती. हा ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जपला आहे आणि उष्णता किंवा अवर्षण सोसणारे गुण शोधण्यासाठी त्याचे मोल दिवसेंदिवस वाढत आहे. भाताचे बी वाळवून थंड कोठीत ठेवता येते. सरईचे बी ठेवता येत नाही. त्याची पेढी म्हणजे जिवंत वनच. एक सालवन तुटले तर त्याच्या वाणांचा साठा अन्यत्र कोठेही नसतो. रोपवाटिकेतील एकसुरी लागवड त्याची जागा घेऊ शकत नाही.

चौथी दिशा माणसांची, आणि येथे १९२२ व १९३० चे प्रश्न पुन्हा समोर येतात. उन्हाळ्यातील अनेक वणवे मोहाच्या झाडाखाली लागतात. पहाटे गळणारी फुले सहज वेचता यावीत म्हणून खालचा पाचोळा जाळला जातो आणि आग पसरते. वनरक्षकांची संख्या वाढवून ही आग पूर्णपणे थांबणार नाही. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलली, तर फूल स्वच्छ मिळते, भाव अधिक येतो आणि जाळण्याची गरज उरत नाही. पण जाळीवर पैसा घालण्यासाठी झाड उद्याही आपल्याकडे राहील, असा विश्वास हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा विश्वास देण्याची सोय केली. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०१९ साली धमतरी जिल्ह्यातील जबर्रा गावाला पाच हजार हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मान्य झाला. जबर्रा नगरी भागातले आहे. जेथे १९२२ साली वनकायद्याविरुद्ध माणसे उभी राहिली, त्याच टापूतले.

हक्काबरोबर निरीक्षणही आले पाहिजे. सरई कधी फुलली, बी कोणत्या तारखेला गळले, पहिला पाऊस कधी आला, रोपे किती जगली, डोह कोणत्या महिन्यात आटला, या नोंदी शेकडो गावांनी वर्षानुवर्षे ठेवल्या तर कोणत्याही संगणकीय प्रारूपाला न मिळणारी सामग्री हाती येईल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक वही, एक पर्जन्यमापक आणि जवळच्या शाळेतील विद्यार्थी पुरेसे आहेत. ब्रांडिसच्या काळात वन म्हणजे मोजून ठेवलेले लाकूड होते. आता मोजायचे आहे ते वनाचे वेळापत्रक.

आज जून महिन्यात गळणारे सरईचे बी रुजले, तर ते झाड पूर्ण वाढीला येईल तेव्हा बावीसावे शतक सुरू झालेले असेल. ते कोणत्या उन्हाळ्यात उभे राहील हे कोणालाही निश्चित सांगता येणार नाही. मात्र त्याला ओल मिळावी, शेजारी निरनिराळ्या जातींची झाडे असावीत, त्याच्या सावलीतून प्राण्यांना पुढे जाण्यास वाट असावी आणि ते राखणाऱ्या गावाचा त्यावर हक्क असावा, एवढे ठरवणे आजच्या पिढीच्या हातात आहे. नकाशावरील रेघा माणसांनीच आखल्या आहेत. त्या पुन्हा आखण्याचे कामही त्यांचेच आहे.